पेटी, तंबोरा आणि गिटारचं पार्सल

हार्मोनियमला आपण मराठीत पेटी म्हणतो. बाजाची पेटी. लहानपणी डोंगरकड्याला असताना मला वाटायचं, ती लाकडाची आणि चौकोनी असते म्हणून हे नाव पडलं असेल. असेलही. पण हल्ली एका गिटारच्या निमित्ताने सामान पाठवण्याच्या भानगडीत पडलो, आणि तेव्हापासून वाटू लागलंय की आपल्या खेड्यांच्या गाण्याचा अर्धा इतिहास या एका शब्दात बसला आहे. पेटी म्हणजे जे वाद्य स्वतःच स्वतःचं पॅकिंग आहे ते!

जरा उलगडून सांगतो. आमच्या आजोबांच्या भजनी मंडळात काय काय होतं? पेटी होती, पखवाज होता, टाळ होते आणि वीणेकऱ्याच्या गळ्यात वीणा होती. तंबोरा मात्र नव्हता. मला आठवतंय तसं आसपासच्या गावांतही नव्हता. शास्त्रीय गाणं म्हटलं की तंबोरा आधी, आणि आपल्या महाराष्ट्रातच मिरजेला तो बनतो. फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घराण्याने सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी हत्यारांचं काम सोडून सतार-तंबोऱ्याचं काम हाती घेतलं, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मग हा तंबोरा आमच्या गावापर्यंत का आला नाही? गरिबी, आवड-निवड, परंपरा ही उत्तरं आहेतच. पण एक साधं उत्तर कुणी देत नाही. तो पाठवायचा कसा?

तंबोरा म्हणजे एका टोकाला वाळवलेला कडू भोपळा आणि पुढे माणसाएवढी दांडी. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेकाठी पिकतात. कवच कडक, पण ठिसूळ. दाबलं तर सहन करतं, ठोका बसला तर तडा जातो. आता अशी वस्तू स्वातंत्र्याच्या आधी मिरजेहून आमच्याकडे आणायची कल्पना करा. मिरज ते पुणे मीटरगेज, म्हणजे पुण्याला डबा बदलायचा. पुण्याहून दौंडमार्गे मनमाड ब्रॉडगेज, तिथे पुन्हा सामान उतरवायचं. मनमाडहून नांदेडला निजामाच्या मुलखातली गाडी, ती पुन्हा मीटरगेज. म्हणजे वाटेत दोनदा हमालांच्या हातून इकडून तिकडे. शिवाय निजामाच्या हद्दीत शिरताना ‘करोडगिरी’ नावाचं जकात खातं होतंच. आणि नांदेडहून पुढे बैलगाडी! १९४८ साली निजामी गेली, आणि पुढे काही वर्षांनी करोडगिरीही गेली. पुणे-मिरज मार्ग १९७०च्या सुमारास ब्रॉडगेज झाला, मनमाड-नांदेड १९९०च्या दशकात. तोवर आमच्या आजोबांचं भजन गाऊन संपलं होतं.

म्हणूनच जुने गवई तंबोरा कधी ‘पाठवत’ नसत. तो गवसणीत घालून शिष्याच्या खांद्यावर दिला जायचा आणि शिष्य गाडीत तो सांभाळत बसायचा. गुरुसेवा म्हणून आपण त्याचं कौतुक करतो. पण हिशोबाच्या वहीत लिहायचं तर तो वाहतूक खर्चच होता, फक्त रुपयांत नव्हता.

आणि पेटीचं बघा. युरोपातून आलेलं हे वाद्य मुळात पायाने भाता मारायचं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८८४च्या सुमारास त्याचं हातपेटीत रूपांतर केलं आणि ते खाली बसून वाजवणाऱ्या आपल्या लोकांच्या मांडीपुढे आलं. झाकण लावा, कडी घाला, झालं. लांब मान नाही, बाहेर आलेल्या खुंट्या नाहीत, भोपळा नाही. आपल्या टपाल खात्याची व्ही.पी.पी. १८७७ सालापासून सुरू झालेली होती. वस्तू दारात आल्यावर पैसे मोजायचे. पेटी अशा व्यवहारांसाठीच जन्मल्यासारखी. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, कारण तिचे स्वर ठोकळेबंद, त्यात मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडावं लागलं. शास्त्र म्हणून तो आक्षेप खरा असेलही. पण ज्या गावात तंबोरा येऊच शकत नव्हता, तिथल्या माणसाने सुरात गावं तरी कशाच्या आधाराने? हा प्रश्न बंदी घालणाऱ्यांना पडला नसावा.

अमेरिकेत गिटारचंही असंच झालं. १८९०च्या दशकापासून सिअर्स रोबकसारख्या कंपन्यांच्या जाडजूड कॅटलॉगमध्ये स्वस्त गिटारी असायच्या. १८९६पासून तिथे टपाल शेतावरच्या घरापर्यंत जाऊ लागलं आणि १ जानेवारी १९१३ला सरकारी पार्सल पोस्ट सुरू झालं. कापूस वेचणाऱ्या मजुराच्या झोपडीत गिटार गेली ती अशी, आणि पुढे त्याच गिटारीतून जगाला वेड लावणारं संगीत निघालं. गाणं माणसांच्या गळ्यात असतं हे खरं. पण त्याच्या हातात कोणतं वाद्य येईल, हे पुष्कळदा पार्सलवाला ठरवतो.

आता आजच्या गिटारकडे. माझा पुतण्या पुण्यात शिकायला होता, आता गावी केळीची शेती बघतो. त्याची गिटार माझ्याकडेच राहिली आहे. ‘काका, पाठवून द्या ना,’ एवढंच त्याचं म्हणणं. गिटार साडेसहा हजारांची. मी चार ठिकाणी चौकशी केली. कुणी बाराशे सांगितले, कुणी अडीच हजार, आणि सगळे नांदेडपर्यंतच. पुढचं तुमचं तुम्ही बघा. एवढ्या हलक्या वस्तूला एवढे पैसे का, तर त्यामागे एक गणित आहे. गिटारचं वजन दोन किलो. पण खोका साधारण ११५ × ५० × २० सेंटिमीटरचा होतो. या तिन्हींचा गुणाकार करून बहुतेक कुरियरवाले ५०००ने भागतात. उत्तर येतं २३. म्हणजे दोन किलोच्या वस्तूला तेवीस किलोचं भाडं. गाडीत जागा अडते, त्या जागेचे हे पैसे. पोकळीतूनच नाद निघतो आणि त्या पोकळीचंच भाडं द्यावं लागतं... गंमत आहे की नाही?

बांधायचं कसं, तेही विचारून घेतलं. तारा थोड्या सैल करायच्या, पण पार काढायच्या नाहीत. स्टीलच्या सहा तारा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण देतात. खोका पडला तर या ताणामुळे मान डोक्यापाशी तुटते. म्हणून मानेखाली आणि डोक्याच्या मागे-पुढे कापडाची घट्ट उशी हवी. गिटार कडक केसमध्ये, केस खोक्यात आणि मधल्या सगळ्या फटी भरलेल्या. खोका हलवला तर आत काहीच हलता कामा नये. मे महिन्यात मराठवाड्याच्या उन्हात बंद डिकीत डिंक मऊ पडून घोडी उखडते, म्हणून पाठवायची तर दिवाळीनंतर.

हे सगळं पुतण्याला फोनवर सांगितलं तर तो हसला. म्हणाला, ‘काका, हे आम्हाला काय सांगता? केळी भरताना दुसरं काय करतो?’ खरंच की! डोंगरकड्याची केळी ट्रकमधून लांब लांब जातात. ट्रकच्या फळीला पाला लावायचा, घडांमध्ये फट ठेवायची नाही, खोक्यात भरायची असतील तर दोन फण्यांच्या मध्ये फोम घालायचा. माल आपटून जेवढा जातो त्यापेक्षा जास्त घासून जातो, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं.

तरी एवढं करूनही खात्री नाहीच. कॅनडाच्या डेव्ह कॅरोल या गायकाची टेलर गिटार २००८ साली विमान प्रवासात मोडली. दुरुस्तीला १२०० डॉलर लागले, कंपनी भरपाई देईना, तेव्हा २००९ साली त्याने त्यावर गाणंच केलं आणि ते जगभर गाजलं. २०१४ साली उस्ताद अमजद अली खाँ यांचा जुना सरोद लंडन-दिल्ली प्रवासात हरवला आणि काही दिवसांनी सापडला. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर आपल्या पार्सलचं काय! विमा उतरवावा, पावतीवर खरी किंमत लिहावी, बांधण्यापूर्वी फोटो काढावेत. पण विमा पैसे देतो, वाद्य देत नाही.

मला राहून राहून आठवते ती सप्ताहातली वीणा. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकवत नाहीत. पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रात्री तीन वाजताही कुणीतरी ती घेऊन उभा असतो. त्यामागे भक्ती आहे, आणि वस्तू जपण्याची फार जुनी अक्कलही आहे. वाद्याला सोबत लागते. पुतण्याचं वाद्य मोडेल या भीतीने किंवा भाड्याच्या आकड्याने माझ्या कपाटावर पडून राहिलं, तर तंबोऱ्याच्या बाबतीत जे झालं तेच आणखी एकदा होईल. दिवसभर केळीत राबून रात्री चार सूर छेडावेत असं ज्याला वाटतं, त्याच्या हाती ते असायला हवं.

असो. तर मंडळी, विशेषतः हे वाचणारे नातलग, दिवाळीनंतर तुमच्यापैकी कुणी नांदेडकडे जाणार असेल आणि रात्रभर गुडघ्यांमध्ये गिटार धरून बसायची तयारी असेल, तर कळवा. तिकिटाचे पैसे मी देईन. हिशोब करून पाहिलाय, कुरियरपेक्षा महाग पडणार नाही. वर फाट्यावर पुतण्या न्यायला येईल, आणि केळी तर मिळतीलच.