न मिळालेली कप्तानी

आमच्या गावी, भातकुलीला, आम्ही पोरं दर मार्चमध्ये टेनिस बॉलची क्रिकेट स्पर्धा भरवायचो. हरभरा निघाला की कुणाचं तरी वावर रिकामं व्हायचं. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, जमीन काळी. ऊन तापायला लागलं की तिला भेगा पडतात. त्या भेगा बुजवायच्या, पाणी मारायचं, सिमेंटचा जुना पाइप ओढून पिच दाबायचं, चुन्याने रेषा मारायच्या, यात दोन-तीन दिवस जायचे. हे काम ज्याला सगळ्यांत चांगलं जमायचं तो माझा मित्र आमच्या टीमचा सगळ्यांत चांगला बॉलरही होता. तो बौद्धपुऱ्यातला. टीमची यादी मी लिहायचो आणि यादीत कॅप्टन म्हणून नाव माझंच असायचं. सलग चार वर्षं.

त्याबद्दल कधी कुणी काही बोललं नाही. मी बॅटिंग बरी करायचो, एन्ट्री फीचे जास्त पैसे माझ्या घरून यायचे आणि माझं अक्षर चांगलं होतं. ही कारणं मला तेव्हा पुरेशी वाटायची.

पुढे इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली आणि गावची स्पर्धा सुटली. हा विषय डोक्यात परत आला तो अगदी वेगळ्या वाटेने. आमचा क्लायंट अमेरिकेतला. ऑक्टोबर आला की कॉल सुरू होण्याआधीची पाच मिनिटं तिकडची मंडळी बेसबॉलच्या ‘वर्ल्ड सिरीज’वर बोलतात. मला त्यातलं काही कळत नसे, म्हणून एका शनिवारी या सिरीजचा इतिहास वाचायला बसलो.

आजची वर्ल्ड सिरीज 1903 सालापासूनची. पण त्याच्याही आधी, 1884 साली, दोन वेगवेगळ्या व्यावसायिक लीगचे विजेते अजिंक्यपदासाठी समोरासमोर आले होते. नॅशनल लीगचा प्रॉव्हिडन्स ग्रेज आणि अमेरिकन असोसिएशनचा न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्स. 23, 24 आणि 25 ऑक्टोबर असे लागोपाठ तीन दिवस न्यूयॉर्कमध्ये तीन सामने झाले. प्रॉव्हिडन्सच्या चार्ल्स रॅडबर्नने तिन्ही दिवस एकट्याने चेंडू टाकला आणि तिन्ही सामने जिंकून दिले. मला ही गोष्ट आवडली. रॅडबर्नचे आकडे बघताना मी त्या मोसमाचे बाकीचे संघही चाळले आणि टोलेडोच्या संघात एक नाव सापडलं: मोझेस फ्लीटवुड वॉकर.

वॉकर कृष्णवर्णीय होता. त्याच 1884 च्या मोसमात, त्याच अमेरिकन असोसिएशनमध्ये, तो टोलेडोकडून 42 सामने खेळला. त्याच्या आदल्या वर्षी शिकागोचा नामांकित कप्तान कॅप अ‍ॅन्सन याने, वॉकर मैदानात असेल तर आम्ही खेळणार नाही, असं सांगून पाहिलं होतं. तिकिटांचे पैसे बुडतील म्हटल्यावर तो मुकाट्याने खेळला. पण 1884 नंतर वॉकरला सर्वोच्च पातळीवर पुन्हा जागा मिळाली नाही. 1887 मध्ये त्याच्या खालच्या पातळीवरच्या एका मोठ्या लीगने यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी करार करायचे नाहीत असं ठरवलं. सर्वोच्च पातळीवर त्यानंतर कृष्णवर्णीय खेळाडू दिसला तो थेट 1947 मध्ये, जॅकी रॉबिन्सन. म्हणजे अजिंक्यपदाची पहिली मालिका झाली त्याच सुमारास, अजिंक्यपदासाठी कोणी खेळायचंच नाही हेही ठरत होतं.

हे वाचल्यावर साहजिकच वाटलं, आपल्याकडे काय होतं? आपल्याकडच्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत कोण खेळलं आणि कोणाला अडवलं गेलं?

आपली पहिली मोठी स्पर्धा मुंबईची. सुरुवात पारशांनी केली. 1848 साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, 1886 आणि 1888 मध्ये इंग्लंडचे दौरे केले. 1892 पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे ‘प्रेसिडेन्सी’ सामने नेमाने होऊ लागले. 1907 मध्ये हिंदूंचा संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली. 1912 मध्ये मुसलमानांचा संघ आला, चौरंगी झाली. 1937 मध्ये ‘इतर’ नावाचा पाचवा संघ घेऊन पंचरंगी झाली आणि 1946 मध्ये बंद पडली. धर्मावर संघ पाडणं आज ऐकायलाही विचित्र वाटतं. पण रणजी करंडक 1934 मध्ये सुरू होईपर्यंत देशात याहून मोठी स्पर्धा नव्हती. आपल्या नागपूरचे सी. के. नायडू पहिल्यांदा गाजले तेही 1916 पासून याच स्पर्धेत, हिंदूंच्या संघाकडून खेळताना.

या हिंदूंच्या संघाची जुनी धावफलकं पाहताना एक गोष्ट नजरेत भरते. देवधर, पै अशी आडनावं दिसतात आणि त्यांच्यामध्ये पी. बाळू, पी. शिवराम, पी. विठ्ठल. हे तिघे सख्खे भाऊ. ‘पी’ म्हणजे पालवणकर. जात चांभार.

बाळू पालवणकर 1876 साली धारवाडला जन्मले. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे मुलं पुण्यात वाढली. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या मैदानावर खेळपट्टी झाडण्याची, महिना तीन रुपये. मग पूना क्लबमध्ये चार रुपयांवर लागले. तिथे खेळपट्टी तयार करायची, जाळी लावायची आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ते डावखुरे फिरकी गोलंदाज. कॅप्टन ग्रेग हा तिथला सगळ्यांत चांगला फलंदाज. आपल्याला बाद केलं की दर वेळी आठ आणे, असं त्याने बाळूंना सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. तासन् तास गोलंदाजी करून हात तयार झाला. फलंदाजीचा सराव मात्र या नोकराला कोणी दिला नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबला साहेबांना हरवायचं होतं, आणि साहेबांना रोज जाळीत बाद करणारा माणूस गावातच होता. त्याला संघात घ्यावं की नाही यावर क्लबात बरीच चर्चा झाली आणि अखेर घेतलं. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी बाकीचे आत कपबशीतून चहा पीत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. त्यांनी सामने जिंकून दिले. न्यायमूर्ती रानडे यांनी तेव्हा विचारलं की ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय अडचण आहे?

1896 मध्ये पुण्याकडे प्लेगची भीती पसरली तेव्हा बाळू मुंबईला आले. रेल्वेत नोकरी लागली आणि हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियन संघाला आव्हान दिलं. हिंदू 242 आणि 160, युरोपियन 191 आणि 102. हिंदू 109 धावांनी जिंकले. दुसऱ्या डावात बाळूंनी पाच गडी बाद केले. बंगालची फाळणी होऊन काहीच महिने झाले होते, स्वदेशीचे दिवस होते, त्यामुळे या विजयाचा गाजावाजा मैदानाबाहेरही झाला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने तर हिंदूंनी चांभार बंधूंना संघात घेतलं हाच खरा विजय मानला.

1911 मध्ये हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराज, वय एकोणीस. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या एका दौऱ्यात 114 गडी बाद केले. दौऱ्याहून परत आल्यावर मुंबईत त्यांचे सत्कार झाले. तरुण भीमराव आंबेडकरांना ज्या माणसांचा अभिमान वाटे त्यांत बाळू होते.

मी डेटाबरोबर काम करतो. एखाद्याची गुणवत्ता सिद्ध करायला किती आकडे लागतात, असा प्रश्न मला धंद्यामुळे पडतोच. बाळूंच्या आकड्यांबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. खांदा दुखायला लागल्यावरही ते खेळत राहिले. 33 प्रथम श्रेणी सामन्यांत 179 बळी, सरासरी 15.21. संघात ते सगळ्यांत ज्येष्ठ, सगळ्यांत अनुभवी. तरी 1910 नंतर दर वर्षी त्यांच्या नावाची चर्चा व्हायची आणि कप्तान दुसराच कोणी व्हायचा. गडी बाद करायला बाळू चालत होते. वरच्या जातीच्या खेळाडूला, तू इथे उभा राहा, तू तिकडे जा, असं सांगायला चालत नव्हते. गोलंदाजाचा फक्त उपयोग करून घेतला तरी भागतं, कप्तानाचं ऐकावं लागतं.

1913 मध्ये एम. डी. पै कप्तान झाले. त्यांच्या सत्काराच्या वेळी त्यांनी एक गोष्ट केली. ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून हा मान माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. कप्तानपद त्यांनी सोडलं नाही. पण त्या पदावर बसलेल्या माणसाने हे बोलून दाखवलं.

खरा स्फोट झाला 1920 मध्ये. पै आजारी होते. कप्तानपद पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेलं आणि चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंना संघातूनच वगळलं. देवधर पुढे मोठे झाले, पण त्या वेळी विठ्ठल आणि शिवराम यांचा दावा त्यांच्याहून कमी नव्हता. दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतलं आणि आपल्याला जातीमुळे डावललं जातंय हे वर्तमानपत्रांतून उघडपणे मांडलं. शहरात खळबळ उडाली, लोकांची सहानुभूती भावांकडे होती. शेवटी तडजोड झाली. पै बरे होऊन कप्तान म्हणून परतले, बाळूंना संघात घेऊन उपकप्तान केलं, दोघे भाऊ परत आले. बाळूंना पूर्ण कप्तानी अखेरपर्यंत मिळाली नाही.

1923 मध्ये ती विठ्ठल यांना मिळाली. हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवलं आणि गर्दीने विठ्ठल यांना खांद्यावर उचलून मिरवलं. ज्यांच्या हातचा चहा चालत नव्हता त्यांना लोकांनी खांद्यावर घेतलं, असं लिहून इथे लेख संपवायचा मोह होतो. पण इतिहास तिथे थांबत नाही. त्यानंतर चारच वर्षांनी, नोव्हेंबर 1927 मध्ये, डॉ. आंबेडकर अमरावतीला आले होते ते अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या लढ्यासाठी. भातकुलीहून अंबादेवीला जायला आज एसटीने फार वेळ लागत नाही. मैदानात खांद्यावर घेणारा समाज आणि गाभाऱ्याच्या दाराशी अडवणारा समाज एकच होता.

बाळूंच्या पुढच्या आयुष्यातही सरळ रेष नाही. 1932 मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते आंबेडकरांच्या विरोधी बाजूला राहिले आणि मग पुणे करारावर त्यांचीही सही झाली. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. आंबेडकरांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. इथेही मला जुनीच गोष्ट दिसते. जिंकण्यासाठी बाळूंची गरज होती, म्हणून त्यांना पुढे केलं गेलं. ते त्यांनी का मान्य केलं असेल याचा निवाडा करणारा मी कोण? ज्या माणसाने वर्षानुवर्षं एकत्र खेळून माणसं बदलतात यावर भरवसा ठेवला, त्याने राजकारणातही तोच भरवसा ठेवला असावा, एवढंच मला वाटतं. 1955 च्या जुलैमध्ये ते वारले. विठ्ठल यांनी मात्र 1948 मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवलं, म्हणून या घराची बाजू आपल्या भाषेत शिल्लक आहे.

बेसबॉलमध्ये वॉकरला दार बंद केलं. ते दार निदान दिसत होतं. पालवणकरांना आत घेतलं, त्यांच्याकडून सामने जिंकून घेतले आणि एक खुर्ची तेवढी मागे ठेवली. त्यामुळे धावफलक पाहणाऱ्याला वाटतं, सगळं ठीकच चाललं होतं. बाळूंचे बळी त्यात आहेत. कप्तानाच्या नावापुढची खूण दुसऱ्याच्या नावावर आहे, पण ती तिथे का आहे हे लिहायला धावफलकात रकाना नाही. ते कळतं पैंच्या एका वाक्यातून आणि दोन भावांच्या न खेळण्यातून.

गेल्या मार्चमध्ये गावी गेलो होतो. स्पर्धा अजून चालते, आता स्कोअर मोबाइलवर ठेवतात. माझा मित्र पिचजवळ उभा होता, नव्या पोरांना पाणी कुठे जास्त मारायचं ते दाखवत होता. चहाच्या टपरीवर मी त्याला बाळूंची गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला. मग मी विचारलं, आपल्या टीमचा कॅप्टन व्हावं असं तुला कधी वाटलं होतं का?

“आता काहून इचारतं बे?” तो हसला. थोड्या वेळाने म्हणाला, “मले वाटे, एखाद्या साली तरी तू म्हनशीन.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार वर्षं ती यादी मीच लिहीत होतो. दुसऱ्याचं नाव लिहायचा धीर नव्हता असं म्हणावं, तर तसं लिहावं हे मनातही आलं नव्हतं. निदान पैंनी 1913 मध्ये म्हटलं तेवढं तरी मला म्हणता आलं असतं.