मोर्तबापासून टिकलीपर्यंत

शिवकाली पत्राच्या अखेरीस मोर्तब होई. त्याखाली कुणी अक्षर वाढवू नये, हा हेतू. १९४८ पर्यंत आमच्या धाराशिवात खरेदीखते निजामी स्टँपावर होत. पुढे नाशिकच्या, १९२५ साली निघालेल्या छापखान्याचा कागद आला.

आज चमकते ती होलोग्रामची टिकली. ह्या विद्येचा पाया डेनिस गाबोर यांनी १९४७ साली घातला. फिल्मवर सुटणारा लेप, त्यावर सूक्ष्म रेषा उमटविलेले रोगण, मग ॲल्युमिनियमची वाफ, शेवटी चिकट थर. टिकली ओरबाडली की फिल्म निघते आणि चित्र कागदावरच फाटून राहते.

परंतु २००३ साली गाजलेल्या मुद्रांक घोटाळ्यात सरकारी छापखान्याची जुनी यंत्रेच लबाडांच्या हाती गेली होती! लेप केवळ ओरखडा दाखवितो. राखणदाराची नियत राखणे त्याच्या हाती नाही.