हा कोळी आपला नव्हे

संगमेश्वरात शास्त्री-सोनवीच्या काठी माडांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडतं: 'हा कोळी पूर्वीपासून होताच, रासायनिक खतांनी माजला.' शिकलीसवरलेली माणसंही हेच सांगतात. मला ते मान्य नाही.

कोवळ्या नारळाची टोपी जराशी उचलून पाहा. खाली फिकट त्रिकोणी डाग दिसेल. पुढे तो तपकिरी होतो, उभ्या चिरा पडतात, नारळ लहान आणि वेडावाकडा राहतो, सोलताना सोडण सुटता सुटत नाही. हे करणारा जीव जेमतेम पाव मिलिमीटर लांब, अळीसारखा, आठांऐवजी चारच पायांचा. १९६५ साली कीफर यांनी मेक्सिकोतल्या गेरेरो प्रांतावरून त्याचं नाव 'असेरिया गेरेरोनिस' ठेवलं. आफ्रिकेत तो १९६०च्या दशकात आढळला, केरळात १९९०च्या दशकाअखेरीस.

यावर पूर्वपक्ष म्हणतो, नोंद उशिरा झाली म्हणून जीव उशिरा आला असं कसं? एवढासा प्राणी आधी दिसणार कुणाला? आक्षेप रास्त आहे, आणि नुसत्या भिंगाने तो खोडता येत नाही. एवढ्याशा अंगावर वेगळेपणाच्या खुणा असून असणार किती!

उत्तर मिळालं ते जनुकांच्या क्रमातून. डेनिस नाविया आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, आफ्रिका आणि हिंदी महासागराच्या पट्ट्यातल्या २९ ठिकाणचे कोळी तपासून २००५ साली निष्कर्ष मांडले. मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएचे एकूण सात प्रकार निघाले. त्यांतले सहा एकट्या ब्राझीलमध्ये. अमेरिकेबाहेर सगळीकडे मिळून एकच! पेशीकेंद्रातल्या डीएनएनेही तीच साक्ष दिली. ज्या गावात एका कुळाच्या सहा शाखा नांदतात ते मूळ गाव, आणि जिथे एकच शाखा सापडते तिथे ते घराणं नंतर येऊन वसलेलं, हे कोकणातल्या माणसाला वेगळं समजावायला नको.

कुणी म्हणेल, औषधांनी बाकीचे प्रकार मेले आणि एक चिवट तेवढा उरला. तसं असतं तर आफ्रिकेत एक उरला असता, आपल्याकडे दुसरा. दोन्हीकडे नेमका तोच कसा उरेल?

माड मात्र खरंच आपल्या बाजूचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो ब्राझीलला नेला. तिकडच्याच कुठल्या ताडाच्या भाऊबंदावरून कोळी त्याच्यावर चढला असावा आणि मग इकडे आला. कुठल्या जहाजातून, ते जनुकं सांगत नाहीत. खतपाण्याने उपद्रव कमीजास्त होत असेल, पण खतातून कोळी जन्मत नाही.

मला याची चीड येते ती यासाठी की, कीड आपलीच म्हटली की दोष आपसूक बागायतदाराच्या माथी बसतो. त्याने कडुनिंबाचं औषध मुळांतून द्यावं, गळलेली बोंडं वेचून जाळावीत. ते तो करतोच. पण परदेशातून येणारी रोपं आणि असोले नारळ बंदरात उतरताना त्यांची टोपी उचलून पाहणं त्याच्या हातात नाही.