मधला स्कॉट

फोर्टमधला राजाबाई टॉवर तुम्ही पाहिलाच असेल. त्याचा आर्किटेक्ट सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. गंमत म्हणजे हा माणूस मुंबईत कधी आलाच नाही, नकाशे लंडनमधून पाठवले! (ऑफशोअर डिलिव्हरी, फक्त उलट्या दिशेनं.) लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरचं लाल विटांचं भलंमोठं मिडलँड ग्रँड हॉटेलही त्याचंच. लंडनचा लाल टेलिफोन बूथ केला तो त्याचा नातू जाइल्स. आजोबा हिट, नातू सुपरहिट. मला मात्र कुतूहल आहे ते मधल्याचं.

मधल्याचं नावही जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटच, जन्म १८३९ चा. बापाचंच नाव, बापाचाच व्यवसाय, आणि शिकला तोही बापाच्याच ऑफिसात. आता बोला!

पण पठ्ठ्या स्वतःच्या डोक्यानं चालला. बापाच्या पिढीला तेराव्या शतकातली गॉथिक शैली म्हणजे कळस वाटायची, त्यानंतरची सगळी घसरण. यानं १८७० च्या दशकात लंडनमध्ये केनिंग्टनला सेंट अ‍ॅग्नेस चर्च बांधलं ते नेमकं त्या 'घसरणी'च्या शैलीत. खांबांच्या माथ्यावर नक्षीदार शीर्षं नाहीत. खांब सरळ वर जातो आणि त्याचीच कमान होते. जुन्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुढे बऱ्याच जणांनी हाच रस्ता धरला, ते सोडा.

१८७८ साली वडील गेले. १८८० मध्ये हा कॅथलिक झाला, आणि त्याची बहुतेक कामं तर अँग्लिकन चर्चची! मग दारू, मानसिक आजार. १८८३ मध्ये बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळात, १८८४ मध्ये कोर्टानं वेडा ठरवलं. १८९७ मध्ये तो वारला, तोही कुठे? मिडलँड ग्रँडमध्ये. बापानं बांधलेल्या हॉटेलात. हे वाचून मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ नुसताच बसलो होतो.

जाइल्स तेव्हा सोळा वर्षांचा. बापाकडून शिकायचं राहूनच गेलं. तो शिकला टेंपल मूरकडे, आणि मूर हा बापाचाच शिष्य. १९०३ मध्ये बाविसाव्या वर्षी जाइल्सनं लिव्हरपूल कॅथीड्रलची स्पर्धा जिंकली.

सेंट अ‍ॅग्नेसवर दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडला, नंतर ते पाडलंच. पण नॉरिचचं त्याचं प्रचंड चर्च भाऊ जॉन ओल्ड्रिडनं १९१० मध्ये पूर्ण केलं. ते अजून उभं आहे, आणि १९७६ पासून कॅथीड्रल आहे.