देगलूरच्या जलाशयवाटा
होट्टलचे चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर आणि करडखेडचा जलाशय यांकडे जाणाऱ्या ज्या वाटांवर सायकलस्वाराला आज निवांतपणा लाभतो, त्यांचा इतिहास महसुली सरहद्दींशी निगडित आहे. निजामी अमलात हैदराबाद सरकारने १९२३ ते १९३१ या काळात मांजरा नदीवर निजामसागर धरण बांधले, तेव्हा आजच्या राज्यसीमेपलीकडची बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे देगलूर तालुक्यातच मोडत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने ती आंध्र प्रदेशास दिली आणि उर्वरित तालुका मुंबई राज्यात आला. भाषेच्या न्यायाने ही विभागणी योग्यच होती, परंतु सोयरिकी आणि बाजारहाट यांच्या जुन्या वाटा ती रेषा मानीत नाहीत, आणि माझ्या मते या प्रदेशाची खरी ओळख त्याच वाटांवर होते.