तात्पुरतं म्हणजे किती?

परवा मावशीचा फोन आला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाली, "अगं, ते टीपीएस म्हणजे काय गं? पेपरात सारखं येतंय, याचं रद्द, त्याचं रद्द. तुमचं नाही ना काही त्यातलं?" म्हटलं, "नाही गं मावशी. भारताला ते कधी मिळालंच नाही, रद्द कुठून होणार?" मग तिला सांगायला लागले, की टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस म्हणजे तात्पुरतं संरक्षण. ज्यांच्या देशात युद्ध किंवा भूकंप झालाय, त्यांना इथे राहायची आणि काम करायची परवानगी. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "तात्पुरतं म्हणजे किती?"

मावशीनं सरकारी नोकरीतली पहिली काही वर्षं 'हंगामी' म्हणून काढलेली. त्यामुळे नेमक्या जागी बोट ठेवायची तिला सवय आहे. मला फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसलेय. मावशी, प्रिंट काढून घे आणि सावकाश वाच. :)

सुरुवात माझ्याच कार्डापासून करते. २००७ चा जुलै आठवतोय का मंडळी? इथल्या परराष्ट्र खात्यानं ग्रीनकार्डाची रांग सगळ्यांसाठी खुली केली, अर्ज पाठवायच्या दिवशीच ती बंद केली, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा उघडली. मधल्या काळात आपल्या लोकांनी 'लगे रहो मुन्नाभाई' मनावर घेऊन इमिग्रेशनच्या संचालकांना शेकड्यानं फुलं पाठवली होती. (त्यांनी ती जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलांकडे पाठवून दिली.) त्या गर्दीत आमचाही अर्ज गेला. मग ग्रीनकार्ड येईपर्यंत काम करायला वर्क परमिटचं कार्ड, त्याचं नूतनीकरण, आणि दर वेळी बोटांचे ठसे.

२०१० च्या ऑक्टोबरात अशीच ठसे द्यायला मेरीलँडमधल्या एका ऑफिसात बसले होते. शेजारी चाळिशीचे एक गृहस्थ. मांडीवर प्लास्टिकची फाईल, आणि हातात रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा, पत्त्यांच्या कॅटसारखा. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी हसून तो पुढे केला. सात वर्क परमिटं. सगळी मुदत संपलेली. प्रत्येकावर त्यांचाच फोटो, पहिल्यावर दाट मिशा, सातव्यावर टक्कल. "आठव्यासाठी आलोय," म्हणाले. ते एल साल्वाडोरचे, घरांत ड्रायवॉल बसवायचं काम करणारे. माझं कार्ड त्यांच्या कार्डाशेजारी धरलं तर हुबेहूब सारखं. फरक फक्त एका बारीक कोडचा. माझ्यावर सी-०९, त्यांच्यावर ए-१२. सी-०९ म्हणजे ग्रीनकार्डाचा अर्ज विचाराधीन. ए-१२ म्हणजे टीपीएस.

हा ए-१२ कुठून आला, ते बघायला १९८० पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी अमेरिकेनं निर्वासितांचा कायदा केला. त्यात निर्वासित कोण, तर वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यांमुळे ज्याचा छळ होईल तो. व्याख्या नेटकी आहे, पण गावावर बाँब पडतोय म्हणून पळालेला माणूस तिच्यात बसत नाही. बाँब त्याच्या एकट्यासाठी नव्हता ना! अशांसाठी तोवर एक सोय होती, 'एक्स्टेंडेड व्हॉलंटरी डिपार्चर'. स्वखुशीनं निघून जायची वाढीव मुदत! ती द्यायची की नाही हे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर. इथिओपिया, युगांडा, अफगाणिस्तान, पोलंड यांच्या लोकांना ती मिळाली.

एल साल्वाडोरला मात्र मिळाली नाही. २४ मार्च १९८० ला तिथले आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थना चालू असताना गोळी घातली गेली, आणि देश यादवी युद्धात ओढला गेला. ते १९९२ पर्यंत चाललं. साधारण ७५ हजार माणसं मेली, लाखो उत्तरेकडे निघाली. पण तिथल्या सरकारला आणि लष्कराला पैसा नि शस्त्रं पुरवत होती अमेरिकाच. त्या लष्कराला भिऊन आलेल्यांना आसरा द्यायचा म्हणजे आपलंच धोरण चुकलं असं कबूल करणं. १९८४ मध्ये एल साल्वाडोरच्या लोकांचे आश्रयाचे अर्ज शंभरात तीनही मंजूर होत नव्हते.

मग चर्च पुढे आली. रोमेरोंच्या हत्येला दोन वर्षं झाली त्या दिवशी, म्हणजे २४ मार्च १९८२ ला, ॲरिझोनातल्या टूसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चनं जाहीर केलं, की या लोकांना आम्ही उघडपणे आसरा देणार. तिथले पाद्री जॉन फाइफ आणि काही सोबत्यांवर पुढे खटला चालला, शिक्षाही झाली. पण तोवर देशभरातली शेकडो चर्च आणि सिनेगॉग या चळवळीत आली होती.

दुसरी लढाई वॉशिंग्टनमध्ये. मॅसॅच्युसेट्सचे खासदार जो मोकली आणि ॲरिझोनाचे सिनेटर डेनिस डिकॉन्सिनी हे या लोकांची हकालपट्टी थांबवायचं बिल वर्षानुवर्षं आणत राहिले, ते अडत राहिलं. १६ नोव्हेंबर १९८९ ला सान साल्वाडोरच्या विद्यापीठात लष्कराच्या माणसांनी सहा जेझुइट पाद्री, त्यांची स्वयंपाकीण आणि तिची मुलगी यांना ठार मारलं. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या संसदीय समितीचे प्रमुख झाले मोकलीच. त्यानंतर विरोधाची धार बोथट झाली. २९ नोव्हेंबर १९९० ला थोरल्या बुशसाहेबांनी इमिग्रेशनच्या नव्या कायद्यावर सही केली आणि टीपीएस जन्माला आलं. एल साल्वाडोरचं नाव तर कायद्यातच घातलं होतं, १८ महिन्यांसाठी.

आता मावशीच्या प्रश्नाकडे. कायदा म्हणतो की युद्ध, नैसर्गिक आपत्ती किंवा तशीच असाधारण परिस्थिती असेल तर एखाद्या देशाला ६ ते १८ महिने संरक्षण द्यावं. मुदत संपायच्या ६० दिवस आधी पुन्हा आढावा घ्यावा आणि गरज असेल तर वाढवावी. किती वेळा वाढवावी, यावर मर्यादा नाही! आणि यातून ग्रीनकार्डाकडे जायचा रस्ताही नाही. उलट एक कुलूप लावून ठेवलंय. टीपीएसवाल्यांना कायम करण्याचं बिल सिनेटमध्ये नुसतं चर्चेला घ्यायचं तरी तीन-पंचमांश मतांची अट. 'हे खरोखर तात्पुरतंच आहे' ही खात्री दिल्याशिवाय कायदा झालाच नसता, असं मला वाटतं. म्हणजे 'तात्पुरतं' हा शब्द त्या लोकांच्या गरजेतून आला नाही. ती बिल पास होण्याची किंमत होती.

पहिल्या तुकडीचं तरी बरं झालं. युद्ध संपलं, १९९७ च्या एका कायद्यानं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कायम होण्याची वाट मिळाली. आमचे ड्रायवॉलवाले दुसऱ्या तुकडीतले.

२००१ चा जानेवारी म्हटलं की आपल्याला भूज आठवतं. त्याच्या बरोबर तेरा दिवस आधी, १३ जानेवारीला, एल साल्वाडोरमध्ये मोठा भूकंप झाला. सांता तेक्ला गावात डोंगराचा कडा घरांच्या रांगांवर कोसळला. महिन्यानं, १३ फेब्रुवारीला, दुसरा भूकंप. दोन्ही मिळून अकराशेवर माणसं गेली. मार्चमध्ये अमेरिकेनं टीपीएस जाहीर केलं. अट अशी, की १३ फेब्रुवारी २००१ ला तुम्ही आधीच इथे असायला हवं. म्हणजे ज्याचं घर पडलं त्याला नाही, तर त्याच्या इथे असलेल्या भावाला, त्यानं कमवून घरी पैसे पाठवावेत म्हणून. हे गृहस्थ २००० मध्ये सीमा ओलांडून आलेले. ९ मार्च २००१ पासून ते पहिल्यांदा 'कायदेशीर' झाले.

पुढे दर वेळी तीच कसरत. सरकारी राजपत्रात मुदतवाढीची सूचना येते. ६० दिवसांत फॉर्म आय-८२१ आणि वर्क परमिटचा आय-७६५ भरायचा, फी भरायची, ठसे द्यायचे, वाट बघायची. एक मुदत चुकली की सगळं गेलं. एखादा मोठा किंवा दोन किरकोळ गुन्हे नावावर लागले तरी गेलं. नवीन कार्ड अनेकदा जुनं संपायच्या आत येत नाही, म्हणून त्या सूचनेतच लिहिलेलं असतं, की जुनं कार्ड अजून सहा महिने चालेल. पण कार्डावर छापलेली तारीख उलटून गेलेली! त्यामुळे राजपत्राची प्रिंट खिशात घेऊन हिंडायचं, मुकादमाला दाखवायची, लायसन्सच्या खिडकीवर दाखवायची. एकदा एका ठेकेदारानं ती न वाचताच त्यांना तीन आठवडे घरी बसवलं होतं. देशाबाहेर जायचं तर आधी वेगळी परवानगी. त्यांची आई गेली तेव्हा तो कागद यायच्या आत सगळं आटोपलं होतं.

आणि याच माणसानं घर घेतलं होतं. ३० वर्षांचं कर्ज, १८ महिन्यांचं कार्ड. मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाले, "बँकेला वाटत नाही, तर मला का वाटावी?"

पुढे आमच्या बेसमेंटचं काम त्यांनीच केलं, येणंजाणं झालं. त्यांच्या बायकोच्या हातचे पुपुसा (मक्याच्या पिठाची, आत सारण भरलेली जाड भाकरी समजा) आमच्याकडे आणि माझ्या पुरणपोळ्या त्यांच्याकडे. २०१२ मध्ये आमचं ग्रीनकार्ड आलं तेव्हा पेढ्यांचा बॉक्स घेऊन मी त्यांच्याकडे गेले, आणि दारात उभी राहिल्यावर एकदम वाटलं, हे बरोबर करतोय का आपण? त्यांनी मात्र दोन पेढे खाल्ले आणि कार्ड बघायला मागितलं. उलटून पालटून बघितलं. "दहा वर्षं," तारीख वाचून एवढंच म्हणाले.

८ जानेवारी २०१८ ला सरकारनं जाहीर केलं, की एल साल्वाडोरचं टीपीएस ९ सप्टेंबर २०१९ ला संपणार. भूकंपाचं नुकसान भरून निघालं, हे कारण. सुमारे दोन लाख माणसं. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. लेक तेव्हा नऊ वर्षांची, इथेच जन्मलेली, अमेरिकन नागरिक. तिनं विचारलं होतं, "मी पण जायचं का?" टीपीएसधारक आणि त्यांची अशीच मुलं मिळून कोर्टात गेली, आणि ३ ऑक्टोबर २०१८ ला सान फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश एडवर्ड चेन यांनी तो निर्णय रोखला. नंतरची काही वर्षं कार्डं कोर्टाच्या तारखांवर चालली. ७ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, की चोरवाटेनं आलेल्याला नुसत्या टीपीएसच्या जोरावर इथल्या इथे ग्रीनकार्ड मिळणार नाही. दार होतं की नाही हा वाद तेवढा मिटला. २०२३ मध्ये सरकारनं समाप्तीचा निर्णय मागे घेतला. जानेवारी २०२५ मध्ये आणखी १८ महिने मिळाले, तारीख ९ सप्टेंबर २०२६.

त्याच २०२५ मध्ये व्हेनेझुएला, हैती, नेपाळ, होंडुरास, निकाराग्वा यांचं संरक्षण संपवण्याच्या घोषणा झाल्या आणि पुन्हा कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. मावशी, तू पेपरात वाचतेस ते हेच. जुलैमधल्या कायद्यानं नोंदणीची फी ५० डॉलरवरून ५०० केली आणि टीपीएसचं वर्क परमिट जास्तीत जास्त एका वर्षाचं केलं. म्हणजे १८ महिनेही गेले.

आम्हीही वर्षानुवर्षं कुरकुरलो, 'आम्ही रांगेत अडकलोय' म्हणून. पण आमच्याकडे रांग होती. ती मुंगीच्या पावलानं का होईना, पुढे सरकत होती. सी-०९ आणि ए-१२ मधला फरक हाच. त्यांच्यापुढे रांगच नव्हती, नुसती मुदतवाढ. तरी टूसॉनच्या त्या चर्चनं आणि मोकलींनी ही मुदतवाढसुद्धा भांडून मिळवलेली आहे, हे विसरून चालणार नाही. तिच्यावर त्यांचं घर उभं राहिलं, लेक कॉलेजच्या उंबरठ्याशी आली.

तर मावशी, तात्पुरतं म्हणजे १८ महिने. मग पुन्हा १८ महिने. असं करत पंचवीस वर्षं. तुला हंगामीवरून कायम केल्याची ऑर्डर आली, तेव्हा तू म्हणे साहेबांच्या टेबलासमोरच रडली होतीस. आता कळतंय का ते.

असो. बेसमेंटच्या भिंतीला एक चीर गेलीय, त्यासाठी रविवारी ते येणार आहेत. पोळ्या करायला घेते.