प्रश्न विचारणारे यंत्र

मुलाखत म्हटली की आपल्याला नोकरी आठवते. पण रुग्णालयातल्या संगणकाच्या इतिहासात एक वेगळी मुलाखत आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉ. वॉर्नर स्लॅक यांनी संगणकालाच रुग्णाची विचारपूस करायला बसवले. पडद्यावर अ‍ॅलर्जीविषयी प्रश्न उमटे, रुग्ण कळ दाबून उत्तर देई. १९६६ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. यंत्राला घाई नव्हती. रुग्णाला सावकाश आठवून सांगता येई.

स्लॅक यांच्या वर्गात शिकलेल्या ज्युडी फॉकनर यांनी १९७९ साली मॅडिसन शहरातल्या एका तळघरात कंपनी काढली. तीच आजची ‘एपिक’. रुग्णांच्या नोंदी ठेवणारी तिची प्रणाली अनेक मोठ्या रुग्णालयांत चालते. रुग्णालयात जाऊन ही प्रणाली बसवून देण्याच्या कामासाठी इतिहास-साहित्य शिकलेली मुलेही तिथे परीक्षा आणि मुलाखत देऊन लागतात. डॉक्टर, परिचारिका काम कसे करतात, हे त्यांना आधी समजून घ्यावे लागते.

म्हणजे मुळाशी ऐकणेच आहे. आज मात्र डॉक्टर पडद्याकडे पाहत टंकतात आणि रुग्ण त्यांच्या नजरेची वाट पाहतो. विचारपूस करायला शिकलेल्या यंत्रापायी माणसाने ऐकणे विसरू नये, एवढेच.